शेवाळातील पाणअस्वल आणि त्याचे नामकरण

पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या शेवाळाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परंतु त्या ओलाव्यात आठ पायांचे, नख्या असलेले सूक्ष्म प्राणी नांदत असतात. १७७३ मध्ये ग्योत्से ह्या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांना ‘छोटे पाणअस्वल’ म्हटले. १७७६ मध्ये इटलीच्या स्पालान्झानीने त्यांच्या मंद चालीवरून ‘टार्डिग्रेड’ हे नाव दिले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. हे वाचताना मला एकच प्रश्न पडला : जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन प्राण्यांपैकी एक ‘नव्या जातीचा’, असे कशावरून म्हणायचे?

१८३४ मध्ये शुल्ट्झे ह्यांनी ‘मॅक्रोबायोटस हुफेलांडी’ ही जात वर्णिली. ते वर्णन त्रोटक असल्याने पुढे ठिकठिकाणची मिळतीजुळती पाणअस्वले त्याच नावाखाली जमा होत गेली. अखेर १९९३ मध्ये बर्तोलानी व रेबेक्की ह्या इटालियन संशोधकांनी त्या गटाची फेरतपासणी केली, तेव्हा एका नावाआड अनेक जाती दडल्या असल्याचे स्पष्ट झाले. वर्णन अपुरे राहिले की प्राणी डोळ्यांसमोर असूनही अज्ञातच राहतो, तो असा.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. जपानमधील त्सुरुओका शहरात काझुहारू अराकावा ह्यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या वाहनतळावरील काँक्रीटवरचे शेवाळ खरवडून नेले. त्यातून दहा पाणअस्वले निघाली. ती प्रयोगशाळेत वाढली, त्यांनी अंडी घातली, आणि तिथेच कोडे सुटू लागले. ह्या गटात प्रौढ प्राण्यांपेक्षा अंड्यांचे कवच पुष्कळदा अधिक बोलके असते. ह्या अंड्यांवर लवचीक तंतू होते. तसेच तंतू आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील दोन जातींच्या अंड्यांवर आढळले होते. म्हणून स्टेक, अराकावा व मिखाल्चिक ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने मोजमापे घेतली, डीएनए ताडून पाहिला, आणि २०१८ मध्ये शोनाई ह्या प्रदेशावरून ‘मॅक्रोबायोटस शोनायकस’ ही जात जाहीर केली.

हे काम मला आपल्या पाठचिकित्सेच्या फार जवळचे वाटते. हस्तलिखितांच्या प्रती जुळवून आपण पाठभेद नोंदवतो, तसेच इथे अंडी, नख्या व मुखनलिका जुळवल्या जातात. नव्या नावाला आधार असतो तो जपून ठेवलेल्या एका नमुन्याचा. पुढे शंका आली तर कोणीही अभ्यासक त्या नमुन्याशी पडताळणी करू शकतो.

वाहनतळावरच्या मूठभर शेवाळात जे सापडले, त्यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागले नाही. चिकाटीने पाहणे आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत मांडणे, एवढे मात्र लागले. त्यातले दुसरे काम तरी आपल्या शाखेला परके नाही.