जत्रोत्सवाचे संकेतस्थळ कसे असावे?

पावसाळा सरला की गोमंतकात जत्रा, काले व उत्सव यांना प्रारंभ होतो. पूर्वी जत्रेची वार्ता पंचांगावरून अथवा आप्तेष्टांच्या पत्रांवरून परगावी पोहोचत असे. आज मुंबई, बेळगाव वा परदेशी राहणारा भाविक प्रथम भ्रमणध्वनीवर शोध घेतो. तेथे जे वाचावयास मिळते त्यावर विसंबून तो रजा काढतो, तिकिटे घेतो आणि वृद्ध मातापित्यांना सोबत आणतो. म्हणून संकेतस्थळाचा पहिला गुण विश्वासार्हता हा होय. सजावटीचा विचार त्यानंतर.

शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेचे उदाहरण घेऊ. ही जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते व व्रतस्थ धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. ही तिथी 2024 साली 12 मे रोजी, तर 2025 साली 2 मे रोजी होती. केवळ ‘वैशाख पंचमी’ लिहिल्याने परगावच्या माणसाचे भागत नाही आणि गतवर्षीची तारीख तशीच राहिल्यास त्याची फसगत होते. यास्तव तिथी, वार, तारीख व वर्ष ही चारही पहिल्याच पानावर ठळक असावीत. मुख्य विधी मध्यरात्रीनंतर होत असल्यास तो कोणत्या तारखेच्या पहाटे, हेही स्पष्ट करावे. शिरगाव नावाची गावे अनेक आहेत. म्हणून डिचोली तालुका, उत्तर गोवा असा पूर्ण पत्ता, नकाशा आणि थिवी रेल्वे स्थानकावरून येण्याचा मार्ग द्यावा.

याच जत्रेत 3 मे 2025 रोजी पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांना प्राण गमवावे लागले. गर्दीचे नियमन हे प्रशासन व समिती यांचे प्रत्यक्ष जागेवरील काम आहे. संकेतस्थळ त्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि, येण्याजाण्याचे मार्ग, वाहनतळ, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार केंद्र आणि 112 व 108 हे क्रमांक भाविकास घरून निघण्यापूर्वीच ज्ञात असतील, तर त्या कामास निश्चित साहाय्य होते. ऐन गर्दीत भ्रमणध्वनीची जोडणी मंदावते. म्हणून हे पान हलके ठेवावे व तोच मजकूर जत्रास्थळी फलकांवर लावावा.

रचनेसंबंधी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

1. मजकूर युनिकोड देवनागरीत टंकलिखित करावा. सूचनापत्राचे केवळ छायाचित्र टाकल्यास ते शोधात सहसा सापडत नाही आणि अंध वाचकाचे वाचक-यंत्र ते वाचू शकत नाही.

2. छायाचित्रे लहान करून टाकावीत. मूळ आकाराची अनेक छायाचित्रे असल्यास पान उघडण्यास विलंब होतो.

3. मराठी, कोकणी व इंग्रजी पानांवरील तारखा आणि वेळा एकच असाव्यात. एका भाषेत बदल केला की इतरांतही तत्काळ करावा.

4. देणगीसाठी समितीचे अधिकृत खाते दर्शवावे व अन्यत्र पैसे पाठवू नयेत अशी सूचना द्यावी.

5. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण मुदतीत करावे. ते राहून गेल्यास तेच नाव दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकते.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे उत्तरदायित्व. संकेतस्थळ उत्साहाने उभारले जाते, परंतु पुढील वर्षी त्याकडे पाहण्यास कोणी नसते. समितीने ठराव करून एका व्यक्तीची व तिच्या अनुपस्थितीत दुसरीची नेमणूक करावी. परवलीचा शब्द समितीच्या दप्तरी मोहोरबंद ठेवावा. प्रत्येक पानावर ‘अखेरचा बदल’ म्हणून तारीख असावी. उत्सव संपल्यावर जुना मजकूर पुसून न टाकता वर्षाच्या नावाने संग्रहात ठेवल्यास गावाच्या इतिहासाचे ते साधन होईल.

शिक्षकांनी वरच्या वर्गांकरिता पुढील स्वाध्याय द्यावा : आपल्या गावच्या उत्सवाची माहिती परगावच्या पाहुण्यासाठी एका पानात लिहा. नंतर ते पान गावाशी अपरिचित अशा व्यक्तीस वाचावयास द्या. केव्हा यावे, कोठे उतरावे आणि अडचण आल्यास कोणास विचारावे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिला मिळाली, तर ते पान संकेतस्थळावर घालण्यास योग्य झाले असे समजावे.