मॉडेल अडकतंय? नवा संगणक घेण्याआधी हे वाचा

पानशेतच्या किंवा भाटघरच्या उतारावरच्या बंगल्याचे मॉडेल उघडले की माउसचे चक्र फिरत राहते. दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले: मशीन जुने झाले, नवे घ्या. लगेच खिशात हात घालू नका. आधी फाइल बघा, मग मोजा, मग खर्च करा. क्रम उलटा केला तर नव्या मशीनवरही तीच फाइल अडकेल.

फाइल हलकी करायला शून्य रुपये आणि साधारण तासभर लागतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच सुरुवात करा. रेव्हिटमध्ये फाइल उघडताना ‘ऑडिट’वर टिक करा. मग ‘पर्ज अनयूज्ड’ दोन-तीनदा चालवा, कारण एक थर निघाला की त्याखालचा मोकळा होतो. शेवटी ‘कॉम्पॅक्ट’ करून सेव्ह करा. वॉर्निंगची यादी साचू देऊ नका. स्केचअपमध्ये मॉडेल इन्फोच्या स्टॅटिस्टिक्समधले ‘पर्ज अनयूज्ड’ वापरा, आणि इंटरनेटवरून उतरवलेली पानापानांची झाडे, नक्षीदार सोफे काढून टाका. एकेका झाडाचा भार अख्ख्या घराएवढा असू शकतो. ऑटोकॅडच्या फाइलवर आधी ‘ओव्हरकिल’, मग ‘पर्ज’ आणि ‘ऑडिट’ चालवा. रेव्हिटमध्ये ती इम्पोर्ट न करता लिंक करा. एक्सप्लोड तर कधीच करू नका.

आपल्या डोंगराळ भागात खरी गोम सर्व्हेच्या फाइलमध्ये असते. मोजणी करणारा डीजीपीएसवरून यूटीएम निर्देशांकांत ड्रॉइंग देतो. त्यात भोर-वेल्ह्याचा नॉर्दिंग आकडा २० लाख मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तुमचा प्लॉट ड्रॉइंगच्या शून्यापासून २,००० किलोमीटर दूर. रेव्हिटला अंतर्गत मूळ बिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या आतच अचूक काम जमते. त्यापलीकडे रेषा थरथरतात, हॅच तुटतात, झूम अडखळते. स्केचअपमध्येही असेच होते. म्हणून सर्व्हे लिंक करताना ‘सेंटर टू सेंटर’ निवडा आणि खरे निर्देशांक शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून घ्या. ऑटोकॅडमध्येही अख्खे ड्रॉइंग शून्याजवळ सरकवता येते. किती सरकवले तो आकडा मात्र ड्रॉइंगवरच लिहून ठेवा, नाहीतर आखणीच्या दिवशी गोंधळ होईल. कंटूर इमारतीखाली अर्ध्या मीटरला ठेवा. बाकी उतारावर एक-दोन मीटरला पुरतात. मोजणीचे काम देतानाच यूटीएममधली मूळ आणि शून्याजवळ सरकवलेली, अशा दोन्ही फाइली मागून घ्या, म्हणजे नंतर ‘एक्स्ट्रा काम’ म्हणून वेगळे पैसे द्यावे लागणार नाहीत.

आता मोजा. मॉडेल फिरवताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी आहे. ढोबळ हिशेब असा: फाइल डिस्कवर जेवढी, त्याच्या वीसपट रॅम. ५०० एमबीच्या फाइलला १० जीबी एकट्या रेव्हिटलाच लागतात. विंडोज आणि ब्राउझर वेगळे. सीपीयू १२-१३ टक्केच दिसतो म्हणून तो रिकामा आहे असे समजू नका. आठ लॉजिकल प्रोसेसर असतील तर एक पूर्ण दमला तरी आकडा तेवढाच दिसतो, आणि रेव्हिटचे बरेचसे काम एकाच कोरवर चालते. म्हणून जास्त कोर बघण्यापेक्षा एका कोरचा वेग बघा. लॅपटॉप चार्जरवर लावून, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवूनच ही मोजणी करा. फाइल क्लाउड ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमधून उघडू नका. काम लोकल डिस्कवर करा.

खर्चाचा क्रम असा. साफसफाई आणि थर्मल पेस्ट, साधारण ५०० ते १,००० रुपये. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी. मग रॅम, शक्यतो दोन सारख्या पट्ट्यांची जोडी. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५च्या अखेरपासून झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे एकाच दिवशी तीन ठिकाणी भाव विचारा. लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली आहे का, हे घेण्यापूर्वीच विचारा. असेल तर ती पुढे वाढवता येणार नाही. महागडे वर्कस्टेशन ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू देऊ नका. लुमिऑन, एनस्केपसारखे रेंडरिंग करत असाल तर चांगले कार्ड हवे, आणि त्याला गेमिंगचेही चालते. नुसत्या रेव्हिटसाठी तो पैसा वाया जाईल.

पावसाळ्यात इथे वीज जाते, आणि सेव्ह चालू असताना गेली तर फाइलच बिघडू शकते. डेस्कटॉपला १ केव्हीएचा यूपीएस, साधारण ५ ते ७ हजार रुपये, नव्या कार्डाच्या आधी घ्या.

खरेदीला पुण्यातल्या टिळक रस्त्यावर गेलात तर आधी विचारा, भाव जीएसटीसह की वगळून? १८ टक्के धरले की ४०,००० चे ४७,२०० होतात. ‘ऑनसाइट वॉरंटी’ गावापर्यंत लागू आहे का, हे तालुक्याच्या नावाने न विचारता पिनकोडने विचारा: भोर ४१२२०६, वेल्हे ४१२२१२. नसेल तर दर वेळी मशीन स्वारगेटपर्यंत न्यायचा खर्च तुमचा. एसटीने कॅबिनेट नेणार असाल तर जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे बांधा. पाचशे रुपयांची विंडोज की घेऊ नका, आणि ‘क्रॅक’ रेव्हिट फुकट मिळाले तरी घेऊ नका. व्हायरस शिरला तर जुनी कामेही जातात, शिवाय कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येते. विद्यार्थी असाल तर ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना मोफत आहे; धंद्याच्या कामाला तो चालत नाही.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर तुमचा नंबर टाकून घ्या, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळेल. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने भागले नाही तर २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. संगणक धंद्यासाठी घेतला असेल, तर तो स्वयंरोजगारासाठी, स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा.