खुरप्याची धार आणि तुझं मनगट

परवा तुझ्या घरी आले तेव्हा चहाचा कप धरताना तू मनगट चोळत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं ताई, परसात गवत माजलंय, दोन दिवस खुरपत होते." जावईबुवा समोर बसलेले, म्हणून मी गप्प राहिले. पण हात धुवायला मागच्या दारी गेले आणि तुझं खुरपं पाहिलं. अगं माय, त्यानं लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं! युरियाच्या अर्ध्या गोणीला टेकवून ठेवलेलं, पात्यावर लाल गंज, मुठीशी वाळलेला चिखल. तुझं दुखणं मला तिथंच सापडलं.

रागावू नकोस. मीही तशीच होते. खुरपायचं बायांनी आणि धार लावायची गड्यांनी, ही वाटणी कुणी करून ठेवली देव जाणे. आपल्या करमाडच्या शिवारात निंदायला येणाऱ्या बाया आपापलं खुरपं घरून आणतात, दिवसभर उकिडव्या बसून शेत काढतात, आणि धारेसाठी मात्र घरातलं कुणी बाजाराला जाईल याची वाट बघत राहतात. तोवर बोथट खुरप्यानंच काम. ते गवत कापत नाही, नुसतं ओढतं. मूळ मातीत राहतं आणि आठ दिवसांत पुन्हा डोकं वर काढतं. काम दुप्पट, रोज तेवढाच.

मी शिकायला गेले तेव्हा पहिल्यांदा चुकलेच. ह्यांचा ग्राइंडर पडला होता, म्हटलं दोन मिनिटांत काम होईल. ठिणग्या उडाल्या, धार चकचकीत झाली आणि कडेला सुंदर निळा रंग चढला. मी खूश! चार दिवसांत ती धार वळून गेली. नंतर कळलं, पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं, आणि लोहारानं पाणी पाजून दिलेला कडकपणा तिथं उतरतो. तेव्हापासून ग्राइंडरला हात नाही. कानस गरम होत नाही, हे तिचं मोठेपण.

तर हार्डवेअरच्या दुकानातून एक चपटी कानस आण आणि धार लावायचा एक दगड, एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं मऊ असलेला. एवढं पुरे. आधी खुरपं धू. गंज फार असेल तर चिंचेच्या कोळात रात्रभर बुडव, सकाळी विटेच्या चुऱ्यानं घास, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढ आणि उन्हात खडखडीत वाळव. कोळातून काढलेलं तसंच ठेवलंस तर दुपारपर्यंत पुन्हा लाल होईल.

आता कोन. एका कागदाचा चौकोनी कोपरा घे. तो ९० अंशांचा. मधोमध दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. छाटणीच्या कात्रीला हा साडेबावीसचा कोन बरोबर बसतो. खुरप्याला मात्र त्याहून जाड धार ठेव, तीसच्या पुढे. आपल्याकडे मातीखाली मुरूम लागतो, दगडगोटे लागतात, पातळ धार त्यांच्यावर आपटली की मोडलीच म्हणून समज. आणि एक गंमत सांगते. पात्याच्या उतारावर काजळ लाव आणि मग कानस चालव. काजळ जिथं पुसलं जाईल तिथंच कानस लागतेय. सगळं सारखं पुसलं गेलं की कोन जमला. मी खंडेनवमीला हळदीकुंकवाच्या आधी हेच करते, सासूबाई आधी हसायच्या, आता स्वतःचा विळा पुढे करतात.

कानस फक्त पुढं ढकलायची, परत आणताना उचलून आणायची. तिचे दात एकाच बाजूला कापतात, मागे ओढलीस तर तेच बोथट होतात. पातं पायाखाली धरू नकोस, पाटाच्या कडेला शिकंज्यात पकड. शिकंजा नसेल तर जावईबुवांना धरायला लाव, तेवढं तरी करू देत! दहा-बारा वेळा ढकललं की मागच्या बाजूला बोटाला बारीक वळलेली कड जाणवेल. ती आली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पातं पालथं करून दगडावर सपाट ठेवून एकदोनदा घास, झालं.

दातेरी विळ्याला हे काही करू नकोस. वैभव विळा असेल तर त्याचे दातेच कापतात, त्याला वरचेवर धार लागत नाही. कानसेनं दाते सपाट केलेस तर विळा गेला.

डाळिंबाच्या चार झाडांची छाटणी तू स्वतः करतेस, म्हणून कात्रीचं वेगळं सांगते. तिचा नट खोल, चिकट डिंक रॉकेलच्या फडक्यानं पूस, धार फक्त उताराच्या बाजूला लाव, सपाट बाजू सपाटच राहू दे. शेवटी शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक कर. तेल्या रोगाचे जंतू कात्रीच्या पात्यावर बसून शेजारच्या झाडावर जातात. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरतात, पण ते लोखंड खातं. काम संपलं की स्वच्छ पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावायलाच हवं. किती कात्र्या याच आळसानं भंगारात गेल्या!

दांडा ढिला झाला की पाण्यात भिजत घालायची आपली जुनी सवय सोड. लाकूड फुगतं, घट्ट वाटतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. कोरड्या बाभळीची पाचर ठोक. दांड्याला जवसाचं तेल चोळ, ते सुकून लाकडावर कातडीसारखं बसतं. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव.

खत आणि खुरपं एका जागी ठेवायचं नाही, हे तर तू पाहिलंच. खताला ओल सुटते आणि लोखंड कुजतं. भिंतीत खिळा ठोक, टांग.

पातं झिजून अरुंद झालं की घरच्या कानसेचं काम संपतं. मग ते शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढायला, लोहाराकडेच. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्यांची भट्टी पाहिलीयस ना? गडी लोखंड सांडशीत धरतो आणि घण मारते ती त्याची बाई, कडेवरचं पोर खाली ठेवून. तिला कुणी सांगितलं नाही की हे गड्याचं काम आहे.

रविवारी मी शेतातच आहे. खुरपं, विळा, कात्री सगळं पिशवीत घालून ये, पाती मात्र गोणपाटात गुंडाळून आण. कानस माझ्याकडे आहे, चहा तू कर.