लेसोथो: उघड्या डोंगरांच्या देशात

लेसोथो हा चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, ३०,३५५ चौरस किलोमीटरचा देश. त्याची सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास महाबळेश्वराच्या उंचीवर आहे.

राजधानी मासेरू पश्चिमेच्या सखल पट्ट्यात, वालुकाश्माच्या टेकड्यांमध्ये वसलेली आहे. पूर्वेला मालोटी रांगा चढू लागल्या की काळा बेसॉल्ट सुरू होतो. हा लाव्हा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, सह्याद्रीच्या कातळाहून कितीतरी जुना. तरीही थरांचे कडे पाहून सह्याद्रीच्या भटक्याला ओळख पटते. झाडी मात्र जवळजवळ नाहीच. गवताळ उतारांवर ना सावली, ना आडोसा, आणि खरा धोका विजेचा.

ऋतू भारताच्या उलट. बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, बऱ्याचदा दुपारनंतर गडगडाटासह पडतो. त्यामुळे या दिवसांत पहाटे निघून दुपारच्या आत माथा सोडावा. जून ते ऑगस्ट हवा कोरडी असते, पण रात्री पारा शून्याखाली जातो आणि उंचावर बर्फ पडते. पायी भटकंतीला एप्रिलची अखेर आणि मे उत्तम: ओढे ओसरलेले, आकाश मोकळे. उबदार कपडे मात्र भर उन्हाळ्यातही हवेतच.

थाबाना न्त्लेन्याना (३,४८२ मीटर) हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले सर्वोच्च शिखर. सानी खिंडीच्या माथ्यावरून दिवसभरात जाऊन येता येते. चढ अंगावर येत नाही, पण वाट दूरची आहे आणि धुक्यात सगळे उंचवटे सारखेच दिसतात. जीपीएस किंवा स्थानिक वाटाड्या घ्यावा. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने खिंड चढायला फोर-बाय-फोर गाडी लागते. सेमोन्कोंगजवळचा मालेत्सुन्याने धबधबा १९२ मीटर कोसळतो. तिथे बासोथो घोड्यांवरून फिरता येते, आणि पाय दुखरे असतील तर तोच मार्ग शहाणपणाचा.

पाणी ही या देशाची मोठी संपत्ती. १९८६च्या करारानुसार १८५ मीटर उंच कात्से धरणाचे पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेला विकले जाते. हिरेही आहेत: सुमारे ३,१०० मीटरवरच्या लेत्सेंग खाणीत २००६ मध्ये ६०३ कॅरटचा हिरा सापडला. चक्राकार पानांची कोरफड फक्त याच डोंगरांत उगवते. ती दुर्मीळ झाली असल्याने उपटू नये, विकतही घेऊ नये.

लेसोथोतून पुन्हा दक्षिण आफ्रिकेत परतायचे असल्याने त्या देशाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा. चलन लोटी, रँडही सर्रास चालतो.