कामावरील अपघाताची खरी किंमत

यंत्रात सापडून कामगाराचा अंगठा तुटतो. काही महिन्यांनी भरपाई मिळते आणि प्रकरण मिटले असे सर्वजण मानतात. वास्तविक त्या कुटुंबाचा हिशोब त्या दिवशी सुरू होतो. तो कसा मांडावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम कायद्याचा हिशोब. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अवयवागणिक टक्केवारी ठरवून दिली. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे त्यात धरले आहे. समजा, पॉवर प्रेसवरील कामगाराचे वय 30 आणि पगार दरमहा 12,000 रुपये आहे. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200 रुपये. त्यास वयानुसार ठरलेल्या 207.98 ने गुणून त्याचे 30 टक्के काढले की सुमारे 4 लाख 49 हजार रुपये होतात.

आता घरचा हिशोब. पैसे हाती येईपर्यंत व्याजाने कर्ज काढावे लागते. दवाखान्याच्या खेपांमुळे पत्नीची धुण्याभांड्याची कामे सुटतात. मोठा मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. उजवा अंगठा गेलेल्यास प्रेसवर परत कोण घेणार? कागदावर 30 टक्के, पण प्रत्यक्षात पगार निम्म्यावरही येऊ शकतो. मुलाचे बुडालेले शिक्षण तर कोणत्याच परिशिष्टात नाही. त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

मालकाचेही नुकसान होतेच. काम थांबते, यंत्र बिघडते, नवा माणूस तयार करावा लागतो. हाइनरिश या अमेरिकन अभ्यासकाने 1931 मध्ये असा छुपा खर्च उघड खर्चाच्या चौपट धरला होता. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. परंतु छुपा खर्च असतो हे निश्चित. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2023 मधील अंदाजानुसार कामाशी निगडित अपघात व आजारांनी जगात दरवर्षी सुमारे 30 लाख कामगार मरण पावतात. त्यांत आजारांचे बळी अधिक आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. अदारकर यांच्याकडे आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा रक्कम मिळण्याची सोय त्यात झाली. हे दोन्ही कायदे पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले.

परंतु कायदा कितीही चांगला असला तरी पुरावा लागतोच. म्हणून प्रत्येक कामगाराने विमा क्रमांक, हजेरी व पगाराची नोंद जपून ठेवावी. अपघात होताच लेखी कळवून पोच घ्यावी, दवाखान्याचे कागद सांभाळावेत आणि दोन वर्षांच्या आत दावा करावा. ज्या घरी अपघात झाला असेल, तेथे शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून द्यावा आणि त्या घरच्या मुलाची शाळा सुटू देऊ नये. अंगठा परत येत नाही. शाळा मात्र वाचविता येते.