ऐकून पाहिलेला समुद्रतळ

आपल्या वाशीम जिल्ह्यात बोअर कोरडी गेली, तर पैसे वाया जातात. खोल समुद्रात तेलविहिरीची जागा चुकली, तर माणसांचे प्राणही जाऊ शकतात. असे का?

1974 साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हाय येथे तेल शोधले. तेथे पाणी सुमारे 75 मीटर खोल असल्याने या तराफ्याचे पाय तळावर टेकले. बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर, काही ठिकाणी पाणी हजार मीटरांहून खोल आहे. तेथील तळ आधी ऐकावा लागतो!

सर्वेक्षण करणारे जहाज दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडून ध्वनी निर्माण करते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. समजा, प्रतिध्वनी 2 सेकंदांनी आला. मग खोली किती? जाण्यायेण्याचे अंतर 3000 मीटर, म्हणून खोली 1500 मीटर.

काही ध्वनी तळात शिरून खालच्या थरांवरून परततो. वाळूत वायू कोंडलेला असेल, तर तेथे ध्वनीचा वेग घटतो. मग प्रतिध्वनी जोरदार, पण उलटा येतो. शिखराच्या जागी दरी दिसते. अशा थराला छिद्र पडले, तर वायू उसळून आग लागू शकते. उतारावर पूर्वी चिखल घसरल्याच्या खुणाही या ध्वनिचित्रांत सापडतात. असा धोका दिसला की विहिरीची जागा बदलतात.

मुलांनो, लांब दोरीचे टोक खिडकीच्या गजाला बांधून झटका द्या. लाट उलटी परतेल. आता दोरी आणि गज यांच्यामध्ये लांब, बारीक दोरा बांधा. जोडापासून परतणारी लाट सुलटी दिसेल. पुढे काय आहे, ते परतणारी लाटच सांगते!