पिंपाच्या पवनचक्कीवर दिवे लागतील का?

प्रश्न : पत्र्याच्या पिंपापासून उभ्या आसाची पवनचक्की करून गच्चीवर बसवायची आहे. घरातले दिवे चालतील का?
– एक वाचक, तेलगाव (जि. बीड)

उत्तर : जरूर करा, पण आधी हिशेब पाहा. 200 लिटरचे पिंप उभे चिरून दोन्ही अर्धी थोडी एकमेकांत सरकवून बसवली, की सॅव्होनियस चक्की तयार. सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात ती जेमतेम 5 वॅट देईल; वारा दुप्पट झाला तर आठपट, म्हणजे 40. मोटारीचा अल्टरनेटर मुळीच लावू नका. चक्की मिनिटाला साठेक फेरेच घेईल, त्याला हजारावर लागतात. कायम चुंबकाचे, मंद गतीचे जनित्र घ्या. वादळी वाऱ्यासाठी ब्रेक हवाच. नुसत्या दिव्यांसाठी खर्च करणार असाल, तर सौर पॅनलच घ्या.